मास्तरांना विचारलेले एकेचाळीस प्रश्न

दुपारी एक ते दीड ही रक्तपेढीतली जेवणाची सुट्टी. त्यातली पहिली दहा मिनिटं ती डबा खायची आणि उरलेली वीस मिनिटं एखादी धडधाकट चालणारी गोष्ट मोडायची.

रक्तपेढीची वेबसाइट होती. रक्तदाते तिथे नाव नोंदवत, दिवस-वेळ निवडत. कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत तेही तिथे दिसे. त्या साइटची हुबेहूब नक्कल तिने कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर सरावासाठी ठेवली होती. ती नकलेची सेटिंग्जची फाईल उघडायची, कुठे एखादी ओळ खालीवर करायची, कुठे कंस खाऊन टाकायची, आणि नक्कल धाडकन पडली की समाधानाने मान हलवायची. मग फोरमवर जाऊन लिहायची, ‘नमस्कार. माझी साइट बंद पडली आहे. मदत हवी.’

खोटं लिहिणं तिच्या रक्तात नव्हतं. सतरा वर्षं तपासणीच्या टेबलावर काढलेली बाई ती. नळीवर एक आकडा चुकीचा चिकटला तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल हे जाणणारी. म्हणून ती आधी खरोखर बिघडवायची आणि मगच बिघडलं म्हणायची.

“अगं, साइट तर चालतेय की,” डॉक्टरीणबाई दारातून म्हणायच्या. “रोज काय दुरुस्त करत बसतेस?”

“चालतेय म्हणूनच बघते. पडल्यावर बघून काय उपयोग?”

“माझ्या नवऱ्यालाही जरा बघ मग. तोही चालतोय अजून.”

ती साइट तिच्या धाकट्या भावाने बांधली होती. पायथॉन भाषेतलं एक फ्रेमवर्क वापरून. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा आयता सांगाडा. खांब-तुळया तयार मिळतात, भिंती आपण घालायच्या. धाकटा नुसता ते वापरणाऱ्यांतला नव्हता, ते बनवून सांभाळणाऱ्या सात-आठ जणांतला होता. पगार नाही, कचेरी नाही. जगभर पांगलेली ती मराठी माणसं फोरमवर भेटत, तिथेच भांडत, तिथेच कोण चुकलं ते ठरवत. सेटिंग्जच्या विभागात धाकट्याचा शब्द शेवटचा. कुणी अडाण्यासारखं विचारलं तरी तो न चिडता पायरी पायरीने समजावायचा, म्हणून फोरमवर सगळे त्याला मास्तर म्हणत. घरी त्याला बारक्या म्हणत. म्हणत असत.

कारण तीन वर्षं झाली, तो घरी नव्हता.

ते असं झालं. आई शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळलेली. धाकटा महिनाभर घरी येऊन राहिला होता. ताईला ड्यूटी, म्हणून दिवसा तो आईपाशी बसायचा, मांडीवर लॅपटॉप घेऊन. त्या दिवशी ती कामावरून आली तर पेला जमिनीवर घरंगळलेला, अंथरुणाची कड भिजलेली, आईचा हात पलंगाखाली लोंबकळतोय, आणि हा पडद्यावरच्या सरकत्या पट्टीकडे डोळे लावून बसलेला.

“आईने पाणी मागितलं?”

“हो, एकच मिनिट, ताई. हे आत्ता मध्ये सोडता येत नाही.”

तिने पुढे होऊन लॅपटॉपचं झाकण फाडकन मिटलं. “जगाला उत्तरं देतोस आणि आईला पाणी देत नाहीस? चालता हो! हो चालता!”

धाकट्याने खिडकीपाशी बसलेल्या बाबांकडे पाहिलं. “बाबा, तुम्ही तरी सांगा हिला.”

बाबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. धाकट्याने लॅपटॉप काखेत मारला आणि तो गेला. अकरा दिवसांनी आई गेली तेव्हा आला, लांबच्या पाहुण्यासारखा मागे उभा राहिला, आणि कुणी काही बोलायच्या आत निघाला. पुढे त्याचा फोन नंबर लागेनासा झाला.

मग एकदा साइट खरोखरच बिघडली. रक्तदात्यांच्या वेळा भलत्याच दिसू लागल्या. सकाळी दहाला बोलावलेला माणूस भल्या पहाटे येऊन कुलूप हलवून गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुझ्या भावाने केलंय ना? त्याला विचार.” विचारायचं कोणत्या तोंडाने? ज्या तोंडाने चालता हो म्हटलं, त्याने? ती दोन दिवस मूग गिळून बसली. तिसऱ्या दिवशी फोरमवर गेली. नाव विचारलं तेव्हा समोरच्या शीतकपाटावरचा आकडा पाहून तिने ‘चारअंश’ लिहिलं. रक्तपेढीचं नाव तिने कुठेच येऊ दिलं नाही; असाच सांगाडा वापरणाऱ्या रक्तपेढ्या काय कमी होत्या.

पाऊण तासात उत्तर आलं.

‘नमस्कार चारअंश. तुमची सेटिंग्जची फाईल इथे द्या. पासवर्ड आणि गुप्त किल्ली मात्र आधी काढा, लोक विसरतात. तुमच्या सर्व्हरचं घड्याळ एक वेळ सांगतंय आणि फ्रेमवर्क दुसरी, असं दिसतंय. घाबरू नका, दाते कुठे पळून जात नाहीत. – मास्तर’

तिने ते सात वेळा वाचलं. सेटिंग्जमधलं एक अक्षर कळलं नव्हतं, पण ‘घाबरू नका’ कळलं. लहानपणी अंधारात जिना उतरताना हाच पोरगा तिची ओढणी धरून ‘ताई, घाबरू नको हं’ म्हणायचा. घाबरलेला स्वतः असायचा.

घड्याळ दुरुस्त झालं, आणि तिला चटक लागली. दुसरा प्रश्न खरा होता, तिसराही. पाचव्या-सहाव्यापर्यंत ती इतकी शिकली की प्रश्न उरेनात. शहाणपण अंगाशी आलं म्हणतात ते असं. मग तिने नक्कल बनवली आणि मोडायला घेतली. दर दोन-तीन आठवड्यांनी एक प्रश्न. घाईने विचारला तर संशय यायचा, लांबवला तर जीव राहायचा नाही.

घरी बाबा वाट बघत असायचे. बाबा बसमध्ये कंडक्टर होते, आता निवृत्त. सकाळचं वर्तमानपत्र संध्याकाळपर्यंत पुरवायचे. ती चपला काढतेय तोवर पानामागून आवाज यायचा.

“काय म्हणतोय तुझा तो मास्तर?”

हे दोघांचं न ठरवता ठरलेलं होतं. मास्तर कोण हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. ते त्यांना ठाऊक आहे, हे तिलाही ठाऊक होतं. पण ‘बारक्या’ हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नव्हतं.

“आज म्हणाले, मिडलवेअरचा क्रम चुकलाय.”

“म्हणजे?”

“साइटवर आलेला माणूस आत पोचायच्या आधी चार-पाच चौक्या ओलांडतो. ओळख तपासणारी चौकी आधी की भाषा विचारणारी आधी, हे ठरलेलं असतं. मी उलटं केलं होतं.”

“आधी तिकीट, मग सीट. एवढं साधं कळत नाही तुला?”

“तुमची पोरगी ना मी.”

“रागावले का मास्तर?”

“नाही हो. ‘पहिल्यांदा सगळ्यांचंच चुकतं’ म्हणाले.”

बाबा पान उलटायचे. थोड्या वेळाने, जणू सहजच, “आवाज... म्हणजे लिहिण्यावरून कसे वाटतात? बरे असतात ना?”

“बरे वाटतात.”

एकच गोष्ट तिला टोचायची. तो तिला अहो-जाहो करायचा. ‘तुम्ही’, ‘तुमची साइट’, ‘कळवा’. तिच्या वेण्या ओढलेला पोरगा. दर उत्तरात तो ‘तुम्ही’ शब्द ती दाताखाली खडा यावा तशी गिळायची. पण उपाशी राहण्यापेक्षा खडा बरा.

एकेचाळिसावा प्रश्न कॅशेबद्दल होता, म्हणजे साइट जे तात्पुरतं लक्षात ठेवते त्याबद्दल. त्याचं उत्तर येऊन आठवडा झाला नव्हता, तर फोरमच्या माथ्यावर सूचना लागली. मास्तर महिनाअखेरीला काम सोडत आहेत. ‘आता जमत नाही. सेटिंग्जचा विभाग कुणीतरी हाती घ्यावा. माझं इथलं खातंही मी बंद करणार आहे. लोभ होताच, तो राहू द्या.’

तिच्या हातातली पेन्सिल टेबलावरून गडगडत खाली गेली. बारा दिवस. मग तो जगात कुठे आहे, बरा आहे की नाही, हे कळायची एकुलती एक खिडकी बंद.

सूचनेखाली आभारांचा पाऊस पडला होता. कुणी लिहिलं, मास्तरांमुळे माझी नोकरी टिकली. कुणी जुने विनोद काढले. त्यात एक खवट माणूस होता. फोरमवर त्याला खडूसच म्हणत आणि तोही ते नाव मिरवत असे. त्याने लिहिलं, ‘मास्तर, माणूस म्हणून तू लाख चांगला. पण तीन वर्षांपूर्वी अर्धी आवृत्ती टाकून पळालास ते मी विसरलो नाही,’ आणि खाली जुन्या चर्चेचा दुवा दिला.

तीन वर्षांपूर्वी. तिने दुव्यावर बोट ठेवलं.

त्या दिवशी फ्रेमवर्कची नवी आवृत्ती निघायची होती, सुरक्षेच्या तातडीच्या दुरुस्तीसाठी. ती दोन भागांत चढवायची असे. पहिला भाग चढला. दुसरा, सेटिंग्जचा, चढता चढता तुटला. पहिल्याला दुसरा हवा आणि दुसरा जागेवर नाही. नवं दार बसलं, बिजागऱ्या पोचल्याच नाहीत. ज्यांनी ज्यांनी नवी आवृत्ती घेतली त्यांच्या साइट कोसळल्या. चार तास. आवृत्ती काढायचा हक्क त्या दिवशी एकट्या मास्तरांकडे, आणि मास्तर बेपत्ता. तारीख बघायची तिला गरज नव्हती, तरी तिने बघितली. वेळही. संध्याकाळी सहाला दहा कमी. ती ड्यूटीवरून घरात शिरली ती वेळ.

लोकांनी त्याला काय काय म्हटलं होतं! बेजबाबदार. बाजारबुणगा. झोपला होतास का? शेवटी, चार तासांनी, त्याचं उत्तर: ‘चूक माझी. लॅपटॉप मी बंद केला. कारण विचारू नका, कारण नाही.’ त्याखाली मंडळींचा निर्णय होता. मास्तरांकडून आवृत्ती काढायचा हक्क काढून घेत आहोत. हवं तर त्यांनी प्रश्नांना उत्तरं द्यावीत.

म्हणजे हा नुसता मास्तर उरला तो असा. सगळं हातून गेल्यावर जेवढं उरलं तेवढं करत बसलेला. आणि त्या उरल्यासुरल्यातही तिने एकेचाळीस वेळा हात घातला होता.

“लॅपटॉप मी बंद केला,” ती मोठ्याने म्हणाली. शेजारी पिशव्या मोजणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. “केलास ना? मग घरी जा. तोंड पांढरंफटक पडलंय तुझं.”

रविवारी दुपारी तिने घरच्या लॅपटॉपवर लिहायला घेतलं. बाबा शेजारच्या खोलीत पानामागे होते. आभारांच्या त्या रांगेत, खडूसच्या खाली, तिने लिहिलं: ‘त्या दिवशीचा लॅपटॉप मास्तरांनी बंद केला नव्हता. मी केला. मी त्यांची थोरली बहीण. आमची आई आजारी होती, मला राग आला आणि मी झाकण मिटलं. आवृत्ती म्हणजे काय हे मला माहीतही नव्हतं. तीन वर्षं त्यांनी माझी चूक आपल्या नावावर ठेवली. शिव्या द्यायच्या तर मला द्या.’

पाठवायच्या बटणावर बोट ठेवून ती बसली. हे गेलं की चारअंश संपली. पाऊण तासात येणारं उत्तर संपलं, ‘घाबरू नका’ संपलं. ताईला तो उत्तर देईल याची काय खात्री? पण बारा दिवसांतले पाच निघून गेले होते. तिने डोळे मिटून बटण दाबलं.

तीन मिनिटांनी पाहिलं तर तिचं लिहिणं गायब. त्या जागी एकच ओळ: ‘हा मजकूर मास्तरांनी काढून टाकला आहे. कारण: विषयाबाहेरचा.’

कुणी तोंडात मारावी तसं झालं तिला. लॅपटॉप मिटायला हात गेला, आणि मिटवेना. तेवढ्यात कोपऱ्यात खासगी निरोपाचा लाल ठिपका उमटला.

‘ताई?’

‘हो.’

मग:

‘चारअंश तू?’

‘हो.’

‘पहिल्यापासून?’

‘पहिल्यापासून.’

‘तो कॅशेचा बिनडोक प्रश्नही तूच विचारलास? मी अर्धा दिवस घातला त्यावर.’

‘मुद्दाम मोडलं होतं.’

‘मुद्दाम?’

‘तू बोलावंस म्हणून.’

तिला खालच्या रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ढकलत नेतंय ते ऐकू आलं. मग त्याचा निरोप एकदम लांबलचक आला.

‘दोन वर्षं तू मला तुम्ही म्हणायला लावलंस. परक्या बाईशी बोलावं तसं मी तुझ्याशी बोललो आणि तू ते ऐकून घेतलंस. मला आत्ता फार राग आलाय. तुझं लिहिलेलं काढलं कारण ते खरं नाही. झाकण तू मिटलंस, पण उघडायला कितीसा वेळ लागतो? मी चार तास उघडलं नाही. तू चालता हो म्हणालीस म्हणून मी गेलो असं तुला वाटतं ना? झाकण मिटलं तेव्हा आईचा हात खाली लोंबत होता, समोर दिसत होता, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं माहितेय? दुसरा भाग चढला नाही. हे आलं. पाणी नाही आलं. मग मला त्या खोलीत उभं राहवेना. बसस्टॉपवर बसलो आणि म्हटलं, आता हा उघडायचाच नाही, हीच आपल्याला शिक्षा. शिक्षा भलत्याच लोकांना झाली. त्यांनी हक्क काढून घेतला तेव्हा मला बरं वाटलं.’

तिने लिहिलं, पुसलं, लिहिलं. शेवटी पाठवलं: ‘घरी ये.’

‘नाही जमणार.’

‘का?’

‘बाबांनी तोंड फिरवलं होतं. तू चिडतेस, ते माझ्या सवयीचं आहे. बाबा कधी तोंड फिरवत नाहीत. त्यांना दिसलं होतं मी कसा आहे ते.’

पाठीमागे वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज झाला. बाबा दारात उभे होते, चष्मा कपाळावर चढवून. कधीपासून, कोण जाणे.

“काय म्हणतोय तुझा...” म्हणाले आणि थांबले. “काय म्हणतोय बारक्या?”

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. बाबांनी चष्मा खाली घेतला. ते फार हळू वाचत. शेवटच्या निरोपाशी आले आणि तिथेच थांबले. परत वरून वाचलं. परत तिथेच थांबले.

“हा मूर्ख आहे,” ते म्हणाले.

“बाबा, नका ना आता...”

“अगं, मी कुठे होतो तेव्हा?” त्यांचा आवाज बारीक झाला. “त्याच खोलीत होतो ना? खिडकीपाशी. तिने आधी मला मागितलं होतं पाणी. मी म्हटलं, देतोय बारक्या. पेपर वाचत होतो. तो बिचारा निदान काम तरी करत होता.”

ती खुर्चीतून उठली.

“त्याने ‘बाबा, तुम्ही तरी सांगा’ म्हटलं, तेव्हा सांगायचं ते हे होतं,” बाबा म्हणाले. “जमलं नाही. म्हणून तोंड फिरवलं. तो समजला भलतंच, आणि मी समजू दिलं. तीन वर्षं.”

“मी लिहू त्याला हे?”

“नाही.”

त्यांनी खुर्ची ओढली, बसले, दोन्ही हात कीबोर्डच्या कडेला ठेवले. आयुष्यात त्यांनी कधी टाइप केलं नव्हतं. चेहरा असा, की भरलेल्या गाडीत चढताहेत.

“जागा सोडायची मोठी पट्टी कुठली?”

तिने दाखवली.

“आणि चुकलं तर खोडायचं?”

तिने तेही दाखवलं. “बाबा, तो नाही म्हणाला तर?”

“मी त्याला ये म्हणणार नाहीये. आधी सांगायचं आहे ते सांगतो. यायचं की नाही ते त्याचं तो बघेल.” मग मान न वळवता, “तू बाहेर जा.”

“मी?”

“तूच. दोन वर्षं सगळं वाचलंस की त्याचं. हे माझं आहे.”

ती बाहेर पॅसेजमध्ये येऊन उभी राहिली. दार पूर्ण लागत नव्हतं. आतून टक् आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग टक्. मध्येच चार-पाच आवाज घाईघाईने, एकसारखे, म्हणजे खोडलं. तिला आत डोकवायची अनावर ओढ लागली. पलीकडे तोही असाच पडद्याकडे बघत बसला असेल का, की उठून गेला असेल, हे तिला इथून कळणार नव्हतं. तिने पाठ भिंतीला टेकवली. आत पुन्हा टक् झालं, आणि या वेळी पुढचं अक्षर जरा लवकर आलं.